डॅशबोर्ड हिरवागार, अर्काइव्ह अर्धवट

कंपनीचे सगळे मेल वर्षानुवर्षं जपून ठेवणारं, म्हणजे मेल अर्काइव्ह करणारं सॉफ्टवेअर आम्ही घेतलं, त्याला पाचपैकी अडीच तारे. त्यातला अर्धा फक्त एक्स्पोर्टसाठी, म्हणजे साठ्यातले मेल फायली करून बाहेर काढायच्या सोयीसाठी.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत आयटी बघते. मेल आमच्याच सर्व्हरवर आहे, मायक्रोसॉफ्टचं मेल सॉफ्टवेअर एक्स्चेंज 2016. सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही, कारण करार अजून चालू आहे आणि डीलरचा रोज फोन असतो. पण या जातीचं कुठलंही सॉफ्टवेअर घेणार असाल तर खालचं वाचा.

घ्यायची गरज खरीच होती. जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपायचे, कंपनी कायद्याच्या कलम 128 प्रमाणे हिशेबवह्या आणि व्हाउचर 8 वर्षं. आणि आमच्याकडे दरवाढीची मंजुरी, रिजेक्शनचे वाद, डेबिट नोटची भांडणं सगळी मेलवरच. आधी हे सगळं प्रत्येकाच्या पीसीवरच्या आउटलुकच्या पीएसटी फायलींत पडलेलं असायचं. हार्ड डिस्क गेली की पुरावा गेला.

बसवणं सोपं गेलं, हे कबूल. एक्स्चेंज प्रत्येक मेलची प्रत जर्नल मेलबॉक्समध्ये (फक्त प्रतींसाठीचा वेगळा मेलबॉक्स) टाकतं, सॉफ्टवेअर ती उचलून आपल्या साठ्यात ठेवतं आणि जर्नल मेलबॉक्समधून पुसतं. एकच अटॅचमेंट वीस जणांना गेली तरी साठ्यात एकदाच ठेवतं, त्यामुळे डिस्क खूप वाचली. पहिले काही महिने मी सगळ्यांकडे कौतुक करत होते.

मग एका सोमवारी मेल सर्व्हरची सी ड्राइव्ह भरत आल्याचा अलर्ट आला. बघते तर मेल पुढे पोचवायची (ट्रान्सपोर्टची) रांग फुगलेली, आणि त्यातले बहुतेक मेल जर्नलचे. जर्नल मेलबॉक्स कोट्यापर्यंत भरला होता, म्हणून एक्स्चेंज नव्या प्रती रांगेत धरून बसलं होतं. ते त्या फेकून देत नाही, हे आमचं नशीब. इकडे अर्काइव्हच्या डॅशबोर्डवर मात्र हिरवी टिकली, ‘शेवटचा जॉब यशस्वी’. सर्व्हिसही ‘रनिंग’. आठवडाभर एकही मेल उचललेला नव्हता.

कारण निघालं ते एकच मेल. टूलरूमने मोठ्या ड्रॉइंगची झिप पाठवली होती. सॉफ्टवेअर ती तात्पुरत्या (टेम्प) फोल्डरमध्ये उघडायचं, अँटिव्हायरस त्याच क्षणी आतली फाइल पकडून बाजूला टाकायचा, सॉफ्टवेअर पुन्हा तेच मेल घ्यायचं. मागचे सगळे ताटकळत. गंमत म्हणजे एक फेरी पूर्ण झाली की जॉब ‘यशस्वी’ धरायचा, मग त्या फेरीत शून्य मेल का असेनात. सपोर्टच्या मुलाने रिमोट घेऊन सर्व्हिस रीस्टार्ट केली, ‘मॅडम, आता ओके आहे’ म्हणाला आणि तिकीट बंद केलं. दुपारी परत तेच.

इलाज आम्हीच केला: ते मेल जर्नल मेलबॉक्समध्ये वेगळ्या फोल्डरला हलवलं, सॉफ्टवेअरचे टेम्प आणि इंडेक्सचे (शोधासाठीच्या सूचीचे) फोल्डर अँटिव्हायरसच्या रिअल-टाइम तपासणीतून वगळले. रांग रात्रीत ओसरली. वगळायची ही यादी त्यांच्या मॅन्युअलमध्ये आहे, पण शेवटच्या परिशिष्टात. बसवायला आलेल्या इंजिनिअरला तिचा पत्ता नव्हता.

दुसरा ताप स्टबचा. जुन्या मेलमधली अटॅचमेंट काढून जागी नुसती लिंक ठेवायची सोय आहे. डेमोत छान दिसते. ऑफिसमध्ये ती लिंक आउटलुकच्या अ‍ॅड-इनवर (आउटलुकला जोडलेला छोटा प्रोग्राम) चालते, आणि आउटलुक 2013 पासून जे अ‍ॅड-इन सुरू व्हायला वेळ खातं ते आउटलुक स्वतःच बंद करून टाकतं. परचेसवाले ओरडत आले की ड्रॉइंग उघडत नाही, तेव्हा नव्वद टक्के हेच असायचं. ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या पीसींना एकाच जागेवरून लावायची सेटिंग) अ‍ॅड-इन कायम चालू ठेवलं की थांबतं. मोबाइलवर मात्र काहीच करता येत नाही: साहेब चाकणला कस्टमरकडे बसलेत, मेल उघडलं तर आत ऑफिसच्या आतल्या सर्व्हरची लिंक. नव्या आउटलुकमध्ये तर असली अ‍ॅड-इन चालतच नाहीत. स्टब मी बंद करून टाकले. तुम्हीही पहिल्या दिवशीच करा.

शोधाबद्दल थोडं त्याच्या बाजूने. एकदा डिस्क भरल्यावर इंडेक्स बिघडला आणि शोध अर्धेच निकाल दाखवू लागला, तेही गुपचूप. हा दोष सॉफ्टवेअरचाच. इंडेक्स पुन्हा बांधायला शनिवार-रविवार गेला. पण लेबर काँट्रॅक्टरची मराठी पत्रं सापडत नाहीत ही एचआरच्या मॅडमची तक्रार वेगळी होती. ती पत्रं जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची खिचडीच, ‘हजेरी’ टाकून मिळणार कुठून? युनिकोडमधलं मराठी नीट सापडतं, अख्खा शब्द दिला तर.

एक्स्पोर्ट खरंच चांगला आहे. पुरवठादाराशी वाद झाला तेव्हा वकिलांनी मेल हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे ओळखायचा डिजिटल ठसा) मागितले, कारण 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात ती द्यावी लागते. इथे प्रत्येक मेलच्या ईएमएल फाइलसोबत हॅशची यादी आपोआप निघाली. बीसीसीत कोण होतं तेही दिसलं. वकील खूश.

घ्यायच्या आधी डेमोवाल्याला एवढंच करायला लावा: जर्नल मेलबॉक्सचा पासवर्ड त्याच्यासमोर बदला, म्हणजे सॉफ्टवेअरला मेल उचलता येणार नाहीत, आणि डॅशबोर्ड किती वेळात लाल होतो ते बघत बसा. आमचा झाला नसता. आता रोज सकाळी एक छोटी स्क्रिप्ट एक्स्चेंजने काल पाठवलेल्या जर्नल प्रती आणि अर्काइव्हमध्ये काल आलेले मेल यांचे आकडे मला पाठवते. फरक दिसला की चहाच्या आधी ते काम.

रिन्यूअल मार्चमध्ये आहे. शून्य मेल उचललेला जॉब ‘यशस्वी’ दाखवणार नाही असं कंपनीकडून लेखी आणायला डीलरला सांगितलंय. त्याने उत्तरादाखल नव्या व्हर्जनचं माहितीपत्रक पाठवलं. जर्नलमधून उचललेलं मेल लगेच पुसायची सेटिंग मी काढून 30 दिवसांवर नेली आहे, आणि दुसऱ्या दोन कंपन्यांची कोटेशन मागवली आहेत.