ग्रॅज्युएशन कार्यक्रम: गाय स्वस्त, भेटी महाग

अतिगरीब कुटुंबांना स्वतःच्या कमाईवर उभे करण्यासाठी जगभर जे कार्यक्रम चालतात, त्यांत ग्रॅज्युएशन हा सर्वांत कसून तपासलेल्यांपैकी एक. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने तो 2002 मध्ये सुरू केला. आज याच नावाखाली इतक्या प्रकारच्या योजना विकल्या जातात, की निधी देणाऱ्याने पेटी उघडून आत काय आहे ते मोजूनच घ्यावे.

मूळ पेटीत सहा गोष्टी असतात: जनावर किंवा छोट्या व्यापाराचा माल, तो सांभाळण्याचे प्रशिक्षण, सुरुवातीच्या महिन्यांचा खर्चभत्ता, बचत खाते, आरोग्याची थोडी मदत, आणि दीड ते दोन वर्षे, शक्यतो दर आठवड्याला घरी येणारा कार्यकर्ता. लाभार्थी बहुधा घरातली बाई असते. खर्चभत्ता उपकार म्हणून दिला जात नाही. शेळी आज दिली तरी करडू विकायला वर्ष जाते. तोवर चूल पेटली नाही तर शेळीच बाजारात जाते. म्हणून भत्त्याची मुदत जनावराच्या चक्रावरून ठरवावी, आर्थिक वर्षावरून नव्हे. कालवड दिली तर भत्ता जास्त काळ लागतो, दुभती गाय दिली तर कमी. हा साधा हिशेब प्रस्तावात नसेल, तर तो प्रस्ताव कार्यालयात बसून लिहिलेला आहे असे खुशाल समजावे.

निवड दोन पायऱ्यांत होते. आधी गावकरीच जमिनीवर गावाचा नकाशा काढून घरांची प्रतवारी लावतात, मग कार्यकर्ते घरोघरी पडताळणी करतात. पहिली पायरी वगळली की कागदावरचे गरीब मिळतात. दुसरी वगळली की पुढाऱ्याचे नातेवाईक.

पुरावा भक्कम आहे. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या कुटुंबांची तुलना इतर तशाच कुटुंबांशी केली गेली. एकूण 10,495 सहभागी होते आणि निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावरही खाणेपिणे, मालमत्ता आणि बचत यांत फरक टिकून होता. पश्चिम बंगालमधल्या कुटुंबांना तर 10 वर्षांनीही गाठले गेले. फरक ओसरला नव्हता. तिथली गंमत अशी, की कमाई मिळालेल्या जनावरापुरती राहिली नव्हती. लोक छोट्या धंद्यात शिरले होते, घरातले कोणी बाहेरगावी कामाला जाऊन पैसे पाठवत होते. गाय ही फक्त पहिली पायरी ठरली.

आता बिघाडाकडे वळू, कारण शिकायचे तिथेच जास्त आहे. होंडुरासमध्ये अनेकांना कोंबड्या दिल्या होत्या. रोगाने त्या मोठ्या प्रमाणात मेल्या, आणि सहा देशांपैकी तिथेच खर्च वसूल झाला नाही. कोंबडी स्वस्त आणि वाटायला सोपी, म्हणून खरेदी विभागाची लाडकी. पण एकाच प्रकारची कोंबडी शेकडो घरांत एका महिन्यात पोचली, की एका साथीत सगळ्यांचे भांडवल जाते. करारात तीन अटी घालून घ्याव्यात: लस टोचल्यानंतर काही दिवस वेगळी ठेवून मगच वाटप, लस थंड ठेवण्याची सोय वाटपाआधी तपासलेली, आणि मेलेल्या जनावराच्या बदल्यात दुसरे देण्याची तरतूद अंदाजपत्रकात. लाभार्थीला दोन-तीन पर्यायांतून निवडू दिले तर धोका आपोआप विभागतो.

दुसरा बिघाड आंध्र प्रदेशातला. तिथे कार्यक्रमाचा निव्वळ परिणाम दिसलाच नाही. जनावरे मेली म्हणून नव्हे. त्या काळात शेतमजुरीचे दर वाढत होते, आणि ज्यांना कार्यक्रम मिळाला नव्हता तेही मजुरीवर तेवढेच पुढे गेले. गोठ्यात घातलेले तास मजुरीतून वजा होतात, हे त्यातून उघड झाले. ग्रामीण भारतातल्या गाईंच्या एका अभ्यासात घरच्यांच्या श्रमाला बाजारभावाने मजुरी लावली, तर गाईवरचा सरासरी परतावा उणे 64 टक्के निघाला होता! म्हणून अहवालात ‘दुधाचे उत्पन्न इतके’ एवढेच लिहिले असेल तर चारा, औषध आणि श्रमाचे तास वजा करून मागा. जिथे बाईला वर्षातले बरेच दिवस रिकामे काढावे लागतात, तिथे हा कार्यक्रम खुलतो. रोज काम मिळते अशा ठिकाणी दुसरे काही पाहावे.

महागडा भाग कोणता? जनावर नव्हे, माणसे. साप्ताहिक भेटींचे पगार, प्रवास आणि देखरेख यांत पैसा जातो, आणि निधी कमी पडला की कात्री पहिली इथेच लागते. घानामध्ये काही कुटुंबांना पूर्ण पेटी आणि काहींना नुसत्या शेळ्या देऊन पाहिले. नुसत्या शेळ्यांनी तसा टिकाऊ फरक पडला नाही. एकेका कुटुंबावरचा खर्चही देशागणिक फार बदलतो. क्रयशक्तीच्या हिशेबाने, म्हणजे देशादेशांतल्या भावांतला फरक जुळवून, भारतात तो सुमारे 1,455 डॉलर होता, पाकिस्तानात त्याच्या चौपट. एका कार्यकर्त्याकडे किती घरे आणि त्या घरांमधले अंतर किती, हे दोन आकडे मागितले की अंदाजपत्रक खरे की फुगवलेले ते लगेच कळते.

खर्च कमी करायचाच असेल तर नायजरची वाट बघण्यासारखी आहे. तिथे सरकारच्या चालू रोख अनुदानाला बचत गट, प्रशिक्षण, भांडवलासाठी एकरकमी रोख आणि मनोबल वाढवणारी सत्रे जोडली. जनावरे खरेदी करून वाटण्याची भानगडच नाही, आणि एकेका घरी होणाऱ्या भेटींऐवजी गटांवर भर. परिणाम चांगले आले, खर्च बराच कमी. सरकारी यंत्रणेमार्फत मोठ्या प्रमाणावर राबवायचे असेल तर आमची पसंती याला.

कोणत्याही प्रस्तावाची तुलना मात्र नुसत्या रोख रकमेशी करावी. केनियात सुमारे 1,000 डॉलर थेट हातात दिल्यावर पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांच्याही घरखर्चात वाढ दिसली. तेवढ्याच पैशात तुमची पेटी याहून जास्त काय देते, याचे उत्तर राबवणाऱ्याला देता आले पाहिजे.

ज्यांच्याकडे थोडी का होईना जमीन आहे, त्यांच्यासाठी ही पेटी जड आणि महाग. त्यांना वेळेवर खत, साठवणुकीची सोय आणि हंगामाशी जुळणारी हप्त्यांची वसुली जास्त उपयोगी पडते. केनियातल्या कंत्राटी ऊस शेतकऱ्यांत विम्याचा हप्ता आधी मागितला तर 5 टक्क्यांनी विमा घेतला. तोच हप्ता तोडणीनंतर बिलातून कापायचा ठरवला तर 72 टक्क्यांनी.

मोजणीबद्दल शेवटची अट. पाहणी कार्यक्रम संपताना नको, साधन दिल्यापासून किमान तीन वर्षांनी हवी, आणि तुलनेची कुटुंबे वाटपाआधीच चिठ्ठीने ठरलेली हवीत. ‘इतके टक्के लाभार्थी ग्रॅज्युएट झाले’, म्हणजे अतिगरिबीतून बाहेर पडले, हा आकडा राबवणाऱ्याने स्वतःच्या निकषांवर दिलेला असतो. तो छापील माहितीपत्रकात राहू द्यावा, करारात घेऊ नये.