गुलमर्ग, सेथन की औली: बर्फाचा भरवसा नसताना ग्रुपने स्की-टूर कुठे करावी?

ठाणे-नवी मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपांत आता बेसिक स्की कोर्स केलेली चार-पाच मंडळी सहज सापडतात. कोणी मनालीच्या संस्थेत केलेला असतो, कोणी गुलमर्गला, कोणी औलीला. दिवाळीनंतर त्यांच्यात ठरायला लागतं की यंदा लिफ्टने वर-खाली पुरे, आता टूर करू. म्हणजे स्कीच्या तळाला स्किन (मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी) चिकटवून स्वतःच्या पायाने चढायचं आणि आखलेल्या उताराबाहेरच्या बर्फातून उतरायचं. इथपर्यंत एकमत असतं, गाडी अडते ती 'कुठे' या प्रश्नावर.

माझं मत आधीच सांगतो. सगळ्यात चांगला बर्फ कुठे पडतो, यावरून जागा ठरवू नका. बर्फ वाईट निघाला तर त्या दिवशी तिथे दुसरं काय करता येईल, यावरून ठरवा. रजा आणि तिकीट दोन महिने आधी पक्कं करणाऱ्याला बर्फ निवडता येतच नाही. निवडता येते ती फक्त जागा.

गेल्या काही वर्षांचे हिवाळे पाहा. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणं तपकिरी पडली होती, बर्फ आला तो महिनाअखेरीला. २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २२ फेब्रुवारीला व्हायच्या होत्या, त्या बर्फाअभावी ९ मार्चवर गेल्या. हिमालयाच्या या भागातला हिवाळी बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असतो, आणि ते लांबले की तिन्ही ठिकाणं एकदमच कोरडी राहतात. म्हणून 'काश्मीरला नसेल तर हिमाचलला असेल' हा हिशेब बऱ्याचदा चुकतो.

बर्फ कमी असणं हा त्रास आहे. कमी बर्फावर उशिरा भरपूर बर्फ पडणं हा धोका आहे, आणि ग्रुपमध्ये याचीच चर्चा सगळ्यात कमी होते. पातळ थर कडाक्याच्या थंडीत उघडा पडून राहिला की खालची उबदार जमीन आणि वरची गार हवा यांच्यामध्ये बाष्प वर सरकत राहतं, आणि तळाच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते. अशा वेळी फावड्याने खड्डा खणून बाजूची भिंत पाहिली तर वर हातभर घट्ट, पांढराशुभ्र बर्फ दिसतो. तळाशी बोट घातलं की मात्र जाड रव्यासारखे सुटे दाणे भुरभुर खाली सांडतात. त्यांचा गोळा वळत नाही. वरचा सगळा थर या दाण्यांवर टेकलेला असतो आणि तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका स्कीअरच्या वजनानेही तो निसटू शकतो. महिनाभर वाट पाहायला लावून शेवटी बर्फ पडला की फोटो झकास येतात. नेमक्या त्याच आठवड्यात ठाण्याहून आठ जण उतरतात, हा योग फार वाईट.

गुलमर्ग: वाईट दिवसाची सोय इथे आहे

गाव सुमारे २,६५० मीटरवर. गंडोलाचा, म्हणजे केबिनच्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला, दुसरा अफरवट पहाडाच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. दुसऱ्या टप्प्याच्या समोरच्या उतारावर स्की पेट्रोल, म्हणजे गस्तीचं पथक, हिमस्खलनाची काळजी घेतं, मुद्दाम स्फोट करून धोकादायक थर आधीच पाडतं. या उताराच्या हद्दीची दोरी ओलांडून पलीकडे पाऊल टाकलं की जबाबदारी तुमची.

ही दोरी बऱ्याच जणांना कळत नाही. गंडोलातून उतरून दहा मिनिटं आडवं गेलं की माणूस मोकळ्या पहाडात असतो, पण मागे केबिन दिसते, चहाची टपरी दिसते, म्हणून वाटतं आपण रिसॉर्टमध्येच आहोत. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखूड भागात दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीअर गेला. २०२४ ची तारीख वरच्या कोरड्या जानेवारीशी जोडून पाहा.

तरीही कमी-जास्त तयारीच्या मिश्र ग्रुपसाठी मी गुलमर्गच म्हणेन, कारण वारा सुटून दुसरा टप्पा बंद झाला तरी दिवस फुकट जात नाही. मंकी हिलच्या झाडीत छोटी चढाई करता येते. खालपर्यंत बर्फ असेल तर बाबारेशी किंवा द्रुंगच्या बाजूला जंगलातून उतरता येतं. काहीच जमलं नाही तर गावाजवळच्या सौम्य उतारावर वळणं घोटता येतात. टूरिंगचं सामान भाड्याने मिळतं. हे महत्त्वाचं, कारण विमानात १५ किलोच्या हद्दीत स्की, बूट आणि गरम कपडे बसवणं म्हणजे कसरत.

काही गोष्टी विरोधातही जातात. समुद्रसपाटीवरून निघालेला ठाणेकर दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बसल्या बसल्या चार हजार मीटरजवळ पोचतो. डोकं दुखायला लागतं आणि तो त्याचं खापर रात्रीच्या वाझवानवर, म्हणजे काश्मिरी मेजवानीवर, फोडतो. पहिला दिवस कोंगडोरीच्या वर जाऊ नका. दुसरी अडचण घरची. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीर म्हटलं की आई-वडील 'नको' म्हणतात, आणि ते समजण्यासारखं आहे. ग्रुपमधल्या एकालाही तिथे जायचं मनातून नसेल तर त्याला ओढून नेऊ नका. आणि हो, महाराष्ट्राचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. निदान दोघांकडे पोस्टपेड हवं.

सेथन-हामटा: खरी टूर, पण मागे आधार कमी

मनालीच्या वर, हामटा खिंडीच्या वाटेवर सेथन हे छोटं बौद्ध गाव आहे, सुमारे २,७०० मीटरवर. इथे गंडोला नाही. सकाळी घराच्या दारातच स्किन चिकटवायची आणि चढायला लागायचं. ज्यांना 'टूर' या प्रकाराचीच ओढ आहे, त्यांना इथे गुलमर्गपेक्षा दुप्पट समाधान मिळेल. शरीरही उंचीला हळूहळू सरावतं, कारण प्रत्येक मीटर पायाने कमावलेला असतो. चढताना बर्फ पायाखालून जातो, काठी खुपसून थर जाणवतात, 'धप्प' असा आवाज आला तर तो ऐकू येतो. असा आवाज म्हणजे खालचा थर बसला. तिथूनच परत फिरायचं. केबिनमधून वर गेलेल्याला ही माहिती मिळतच नाही.

पण इथे बर्फ वाईट असेल तर हाती उरतं काय? गावाभोवतीची सौम्य कुरणं, आणि तीही पांढरी असतील तर. नाहीतर खाली सोलंगला जाऊन गर्दीत रोपवेची रांग धरायची. स्फोट करून उतार सुरक्षित करणारं पेट्रोल नाही, म्हणजे प्रत्येक उताराचा निर्णय गाईडचा आणि तुमचा. मोठा बर्फ पडला की सेथनचा रस्ताच बंद होतो, त्यामुळे येताना आणि परतताना एकेक दिवस हातचा ठेवावाच लागतो. पाच दिवसांच्या रजेत हे बसत नाही. आठ-नऊ दिवस हवेत.

अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून 'पलीकडे लाहौलमधल्या सिस्सूला जाऊ' असंही कोणीतरी सुचवतंच. लाहौलची हवा जास्त कोरडी आणि थंड, त्यामुळे वर सांगितलेला सुट्या दाण्यांचा थर तिथे सहज तयार होतो. पहिल्या टूरला तिकडे जाऊ नये. शिवाय देवकार्याच्या काळात तिथल्या पंचायतींनी पर्यटन थांबवल्याची उदाहरणं आहेत, म्हणजे आधी विचारणं आलंच.

औली: थोडक्यात

जोशीमठची जमीन खचू लागली तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, तिथला रोपवे बंद झाला. रस्त्यानेच वर जायचं असं धरून चला. डेहराडून किंवा ऋषिकेशहून जोशीमठ हा पूर्ण दिवसाचा घाटरस्ता आहे, आणि तिन्हींत औली सर्वांत दक्षिणेला आणि उंचीने बेताचं, म्हणून कोरड्या वर्षी आधी तेच उघडं पडतं. एक गोष्ट मात्र औलीच्या बाजूने आहे. वरचं गोरसों बुग्याल (डोंगरमाथ्यावरचं कुरण) पसरट, सौम्य उताराचं आहे. बर्फ भरपूर पण बेभरवशाचा असेल, तर तीस अंशांच्या आत राहून, डोक्यावर मोठा उतार येणार नाही असं पाहून, दिवसभर स्किनवर भटकायला याच्याइतकी निवांत जागा बाकी दोन्हीकडे शोधावी लागते. उतरण्याचा थरार कमी, नंदादेवीचं दर्शन जास्त. ज्यांना ते चालतं त्यांनी औलीचा विचार जरूर करावा.

तारखा

२६ जानेवारीला जोडून जाऊ नका. वरच्या दोन्ही वर्षांनी तेच दाखवलं. शिवजयंतीच्या सुट्टीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ घ्या, आणि मार्चमध्ये गेलात तर उन्हाने बर्फ ओला व्हायच्या आत, दुपारपूर्वी, उताराखालून बाहेर पडा. विमानाचं तिकीट तारीख बदलता येणारं काढा, जास्तीचे पैसे तिथे घाला, हॉटेलात वाचवा. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू आहेत, तेव्हा पनवेल-खारघरकरांनी आधी तिथून काय मिळतं ते पाहावं.

निघायच्या आधीच्या आठवड्यात डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचं हिमस्खलन पत्रक रोज वाचा. ते जिल्ह्यापुरतं असतं, तुमच्या उताराचं नसतं. पण धोक्याची पातळी सलग चढत असेल तर गाईडशी बोलून मोठे बेत घरीच रद्द करता येतात. वर पोचल्यावर 'एवढे पैसे घालून आलोय' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं आणि त्यापुढे पत्रक हरतं. त्यासाठी एक नियम इथेच, चहा पिता पिता ठरवा: कोणीही एकाने 'नको' म्हटलं की उतार रद्द, कारण विचारायचं नाही. आठ जण असाल तर दोन गाईड घ्या आणि चार-चारचे दोन गट करा. आठांच्या गटात 'नको' म्हणणारा तोंड उघडतच नाही.

बीकन सगळ्यांकडे, आणि सराव इथेच

बर्फाखाली गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर जगण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात गुलमर्गचं पेट्रोल पोचेलच असं नाही, हामटात तर कोणीच पोचत नाही. काढणारे तुम्हीच. म्हणून प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई) आणि धातूचं फावडं. गाईड 'ग्रुपमध्ये दोन बीकन पुरतील' म्हणाला तर गाईड बदला.

सराव बर्फाशिवायही होतो. एक बीकन गोणपाटात गुंडाळून खारघरच्या सेंट्रल पार्कच्या कडेला पालापाचोळ्याखाली लपवा, दुसऱ्याने शोधायचं. शेवटच्या तीन मीटरमध्ये बीकन गुडघ्याखाली, जमिनीलगत धरायचं आणि सावकाश सरकवायचं. पडद्यावरचा अंतराचा आकडा २.४, १.७, १.२ असा उतरतो, मग १.५ होतो. मागे यायचं, सगळ्यात लहान आकड्यावर थांबायचं, तिथून काटकोनात पुन्हा तेच. शोधताना मोबाईल बीकनपासून अर्धा मीटर लांब, नाहीतर आकडे नाचतात. मॉर्निंग वॉकवाले काका 'काय हरवलं?' विचारतील, त्यांचा मान ठेवून घड्याळ चालू ठेवा. चार मिनिटांच्या आत सापडायला लागेपर्यंत तिकीट काढू नका.

सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परवानगीशिवाय भारतात बाळगू नका. परदेशातल्या मित्राने कितीही प्रेमाने दिला तरी विमानतळावर अडकाल.

विम्याच्या कागदात 'आखलेल्या उताराबाहेर' हे शब्द शोधा. बऱ्याच पॉलिसी तिथेच हात वर करतात, काही फक्त गाईड सोबत असेल तरच पैसे देतात. ग्रुपमधल्या ज्याने आजवर फक्त सात दिवसांचा कोर्स केलाय आणि ज्याला खराब बर्फात वळण घेता येत नाही, त्याने या वर्षी गुलमर्गच्या पहिल्या टप्प्यावर आठवडा घालवावा. बाकीचे टूर करून संध्याकाळी त्याच हॉटेलात परततील. सेथनला ही सोय नाही, म्हणून ग्रुपमध्ये असा एक जरी असेल तर माझ्या हिशेबी जागेचा प्रश्न तिथेच संपतो.