वाळवंटाच्या वाटेवर: इन्फ्रारेड की अल्ट्राव्हायोलेट?

जानेवारीत सोलापूरहून गाडीने कच्छचं रण, तिथून पुढे जैसलमेर असा बेत आहे आणि घरात एक जुना मिररलेस कॅमेरा पडून आहे. तो इन्फ्रारेडसाठी बदलून घ्यायचा की अल्ट्राव्हायोलेटसाठी? माझं मत आधीच सांगतो: एकच निवडायचं असेल तर इन्फ्रारेड. अल्ट्राव्हायोलेटला खरा वाव फक्त मिठाच्या रणात आहे, आणि तोही एका फोटोसाठी अख्खी दुपार द्यायची तयारी असेल तरच. मात्र इन्फ्रारेडचे जे फोटो पाहून लोक कॅमेरा बदलायला निघतात, तसे फोटो वाळवंटात मिळत नाहीत. हे पैसे भरण्याआधी कळलेलं बरं.

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. ७०० च्या पुढचा तो इन्फ्रारेड, ४०० च्या खालचा तो अल्ट्राव्हायोलेट, म्हणजेच यूव्ही. सेन्सरमधल्या सिलिकॉनला मात्र जवळपास ११०० नॅनोमीटरपर्यंत दिसतं, म्हणून कंपनी सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच बसवते. बहुतेक अल्ट्राव्हायोलेटही तिथेच अडतो. कॅमेरा कन्व्हर्ट करणं म्हणजे ती काच काढणं. तिच्या जागी ७२० नॅनोमीटरचा फिल्टर बसवला की कॅमेरा कायमचा इन्फ्रारेड झाला. पारदर्शक काच बसवली तर तो फुल स्पेक्ट्रम होतो, मग लेन्सवर जसा फिल्टर लावाल तसा प्रकाश आत येतो. हे काम घरच्या घरी करू नका. फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात बॅटरी काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते आणि तिचा झटका साधा नसतो. आणखी एक: हा थर्मल कॅमेरा नव्हे. मे महिन्यात सोलापूरच्या होटगी रोडचं डांबर कितीही तापलं तरी ते यात चमकणार नाही. तसले कॅमेरे साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरवर चालतात.

आता वाळवंटाचं बघू. इन्फ्रारेडची कीर्ती झाली ती बर्फासारख्या पांढऱ्या झाडांमुळे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले. पानातलं हरितद्रव्य हा प्रकाश शोषत नाही आणि पानाच्या आतल्या पेशी तो परत उधळतात, म्हणून हिरवं ते पांढरं दिसतं. पण जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर हिरवं आहे किती? कुठे खेजडी, कुठे रुई. शिवाय लोहाचा पिवळसर रंग चढलेली वाळू इन्फ्रारेडमध्ये स्वतःच फिकट होते. म्हणजे फिकट वाळूवर फिकट झुडूप. उठाव देतं ते आकाश. हवेत प्रकाश विखुरण्याचं प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटतं, त्यामुळे अल्ट्राव्हायोलेटमधल्या ३६५ नॅनोमीटरच्या तुलनेत ७२० नॅनोमीटरला ते सुमारे १५ पटींनी कमी भरतं. निळं आकाश काळपट होतं, सावल्या गडद होतात, दूरचं धुरकट क्षितिज स्वच्छ होतं. वाऱ्याने उडालेल्या जाड धुळीपुढे मात्र इन्फ्रारेडचंही काही चालत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की इन्फ्रारेडचा हात आधी इथे सोलापूरजवळच बसवा. नान्नजच्या बाजूला किंवा मंगळवेढ्याच्या शिवारात हुरड्याच्या दिवसांत जा. काळी कसदार जमीन आणि बेसाल्टचा दगड इन्फ्रारेडमध्येही काळेच राहतात, त्यावर उभी ज्वारी पांढरीशुभ्र उमटते. हिप्परगा तलावाचं पाणी शाईसारखं होतं. मला तर थर वाळवंटातल्या वाळूपेक्षा आपल्या माळावर इन्फ्रारेड जास्त बोलतं असं वाटतं. माळढोकासाठी नावाजलेलं नान्नज आणि त्याच पक्ष्यासाठी राखलेलं जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क एकाच कॅमेऱ्याने टिपलं, तर सहलीला एक सूत्रही मिळेल.

अल्ट्राव्हायोलेटमध्ये सगळं उलटतं. आकाश पांढरं, पानं काळी, सावल्या पातळ, लांबचं धुक्यात गडप. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अल्ट्राव्हायोलेट परावर्तित करतो, तर समुद्रकिनाऱ्यावरची कोरडी वाळू जेमतेम १५ टक्के. लोहाची ऑक्साइडं हा प्रकाश गिळतात. म्हणजे डोळ्यांना सोन्यासारखी दिसणारी टेकडी इथे करडी, सपाट. जैसलमेरसाठी यूव्ही नकोच, हे मी निःशंकपणे सांगेन.

रणात मात्र चित्र बदलतं. मिठाचे कण अल्ट्राव्हायोलेट शोषत नाहीत. स्वच्छ मीठ पांढरं, वर आकाशही पांढरं, क्षितिजाची रेघ पुसली जाते आणि मधून चाललेला माणूस काळी आकृती होऊन उरतो. हे इन्फ्रारेडला जमत नाही, तिथे पांढऱ्या मिठावर काळं आकाश येतं. रणाच्या काठावरच्या धोर्डो गावाच्या बाजूला मिठात चिखल मिसळलेला असेल तर तो भाग काळवंडेल, म्हणून आधी फिरून कोरडा, जाड थर शोधा. पांढऱ्या रणात जायला परवाना लागतो, त्याचा वेळही हिशेबात धरा.

खर्चात दोन्ही बाजू बरोबरीच्या नाहीत. इन्फ्रारेडला तुमची आहे ती लेन्स बहुधा चालते. फक्त काही लेन्समध्ये फोटोच्या मधोमध उजळ डाग येतो, आणि लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान केलं की तो वाढतो, म्हणून निघण्याआधी तपासून घ्या. मिररलेस सेन्सरवरच फोकस करतो, त्यामुळे आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यातली फोकस सरकण्याची कटकट नाही. यूव्हीला सामान्य लेन्सची काच आणि तिच्यावरचे थरच आड येतात. क्वार्ट्झ आणि फ्लोराइटच्या खास लेन्स असतात, निकॉनची १०५ मिमी यूव्ही-निक्कोर त्यातली नामांकित, पण त्यांची किंमत लाखांत जाते. स्वस्तातला मार्ग म्हणजे डार्करूममधल्या एन्लार्जरची, म्हणजे फिल्मवरून मोठे फोटो छापायच्या यंत्राची, जुनी, साधी लेन्स. तिच्यातून ४०० च्या जरा खालचा प्रकाश येतो. त्यावर फिल्टर असा हवा, जो यूव्ही सोडेल आणि इन्फ्रारेड पक्का अडवेल. इन्फ्रारेड थोडा जरी गळला तरी फोटो खोटा ठरतो. दुकानात ‘यूव्ही फिल्टर’ म्हणून मिळतो तो यूव्ही अडवणारा असतो, तो घेऊन बसू नका.

प्रवासात तर फरक आणखी जाणवतो. कन्व्हर्ट केलेला इन्फ्रारेड कॅमेरा हातात धरून फोटो निघतो: गाडी थांबवा, उतरा, टिपा, निघा. बरोबरची माणसं कडक भाकरी आणि शेंगाचटणी उघडेपर्यंत तुमचं काम झालेलं असतं. भर दुपारचं ऊन, जे एरवी आपण टाळतो, तेच इथे कामाचं. जानेवारीत जैसलमेरला माध्यान्हीचा सूर्यही साधारण ४० अंशांवरच असतो, म्हणून वाळूच्या लहरींची सावली तेव्हाही मिळते. यूव्हीला ट्रायपॉड लागतो, एक्स्पोजर लांबतं, आणि सूर्य कलला की यूव्ही झपाट्याने आटतो, म्हणजे काम अकरा ते तीनमध्येच. वाटेत लेन्स बदलाल तर वाळू थेट सेन्सरवर. फुल स्पेक्ट्रम घेऊन दोन्ही करायचं ठरवलंत, तर लेन्स गाडीत, काचा वर करूनच बदला.

कन्व्हर्ट करण्याआधी एक चाचणी फुकट होते. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर दाबा आणि स्क्रीनवर ठिपका उजळतो का बघा. स्पष्ट उजळला, तर नुसता ७२० चा फिल्टर लावून, ट्रायपॉडवर लांब एक्स्पोजर देऊन, कॅमेरा न उघडताही इन्फ्रारेडची चव घेता येईल.

आणि यूव्हीचं वेड असेल पण बजेट नसेल, तर ३६५ नॅनोमीटरची टॉर्च घ्या. रात्री तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो, काही दगडांवरचं शेवाळही रंग बदलतं. ती चमक दृश्य प्रकाशातली असल्यामुळे कुठलाही साधा कॅमेरा ती टिपतो. डोळ्यांवर यूव्ही अडवणारा चष्मा हवा, पायात बूट हवेत, आणि फोटोसाठी दगड उलथायचे नाहीत.