एम४ मॅकबुक एअर: दुप्पट पैसे कशाचे?

ॲपलचा एम४ चिपवाला १३ इंची लॅपटॉप, मॅकबुक एअर, मार्च २०२५ मध्ये भारतात ९९,९०० रुपयांना आला. रॅम १६ जीबी, स्टोरेज २५६ जीबी. पन्नास हजारांच्या लॅपटॉपच्या दुप्पट किंमत. फरक आधी बिजागरीत कळतो. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत जातात. झाकण कायम एका कोपऱ्याला धरून उघडलं की प्लास्टिक तडकतं, नट उपटून येतो आणि कधी स्क्रीनची केबलही चिमटते. एअरच्या ॲल्युमिनियम बॉडीत ही भानगड नाही. स्क्रीन ५०० निट्सची (निट्स म्हणजे उजेडाचं माप), त्यामुळे खिडकीपाशीही अक्षरं स्पष्ट दिसतात. स्वस्तात बहुधा २५०च मिळतात. चार्जर काढला तरी वेग पडत नाही, आणि रोज बाहेर काम करणाऱ्याला पैसे इथेच वसूल होतात.

पंखा मात्र नाही. लांबलचक व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की चिप तापते आणि वेग उतरतो. रॅम-स्टोरेज बोर्डालाच जोडलेलं, नंतर वाढवता येत नाही. ५१२ जीबीच्या मॉडेलला तेव्हा वीस हजार जास्त होते, हे अति झालं. त्यापेक्षा बाहेरून जोडायची एसएसडी, म्हणजे वेगळं स्टोरेज, घ्या. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम असेल तर एअरच्या वाटेला जाऊच नका, टॅली विंडोजसाठीच बनलेली आहे.