खिशात काय ठेवावं: वेव्ह की लाल चाकू?

आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये प्रकाशयोजनेला नवीन आलेल्या मुलाने मागच्या महिन्यात विचारलं, "दादा, लेदरमनचं वेव्ह घेऊ की व्हिक्टोरिनॉक्सचा क्लाइंबर? आणि पोलिसांनी धरलं तर?" पहिल्या प्रश्नाला दहा मिनिटं पुरली असती. दुसऱ्यापायी दोन चहा झाले आणि तरी तो समाधानी दिसला नाही. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडतो. वेव्ह म्हणजे पक्कड, पाती, करवत असं सगळं एकात असलेलं घडीचं मल्टिटूल, आणि क्लाइंबर म्हणजे तो लाल, घडीचा स्विस चाकू. दोन्ही माझ्याकडे आहेत, वेव्ह सात वर्षांपासून आणि क्लाइंबर चार वर्षांपासून. पोलाद कुठलं, अवजारं किती, हे तुम्ही आधीच बघून ठेवलं असेल, त्यात शिरत नाही. किमतीत तिप्पट-चौपट फरक आहे, तोही तुम्हाला माहीत आहे.

आधी कामाचं बोलू. रंगमंचावर वेव्हला तोड नाही, हे कबूल करून टाकतो. तुम्ही शिडीवर आहात, पार दिव्याचा बोल्ट सैल झालाय, जेल (दिव्यापुढे लावायचा रंगीत कागद) दोन बोटं जास्त कापली गेलीये आणि खालून दिग्दर्शक "झालं का?" म्हणून ओरडतोय. अशा वेळी खिशातून निघणारी खरीखुरी पक्कड म्हणजे देव भेटल्यासारखं असतं. क्लाइंबरमध्ये पक्कड नाही. त्याची कात्री मात्र वेव्हच्या कात्रीपेक्षा मला कायम सरस वाटली. जेल कापायला, टेपचं टोक सरळ करायला, शिंप्याने विसरलेला धागा एंट्रीच्या आधी विंगेत उडवायला मी तीच काढतो. किरकोळ स्क्रूंसाठी दोन्ही चालतात, दोन्ही खऱ्या स्क्रू ड्रायव्हरपुढे मार खातात.

लॉकचंही वेव्हच्या बाजूनेच बोलावं लागेल. त्याचं पातं उघडलं की जागेवर अडकतं, जोर लावला तरी बोटांवर मिटत नाही. क्लाइंबरचं पातं नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर उभं असतं. थर्मोकोलचा खांब कापताना ते एकदा मिटलं, त्याची खूण माझ्या तर्जनीवर अजून आहे. म्हणजे निव्वळ अवजार म्हणून बघितलं तर लॉक हा बोटं वाचवणारा गुण आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच गुणाने माझा घात केला.

आता कायद्याचं. मी वकील नाही, जे वाचलं-विचारलं ते सांगतो.

चाकूवेडी मंडळी एक आकडा पाढ्यासारखा म्हणतात: नऊ इंच. तो खोटा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याखालच्या नियमांत तलवारी, खंजीर, भाले यांच्या पंगतीला जे सुरे बसवलेत ते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळलेत. म्हणून आईची विळी सुटते आणि ऊसतोडीचा कोयताही सुटतो. या हिशेबाने आपले दोन्ही उमेदवार अगदीच बाळं आहेत. क्लाइंबर मिटला की सगळा मिळून ९१ मिलिमीटर भरतो.

इथेच बहुतेकजण वाचन थांबवतात आणि निश्चिंत होतात. पण महाराष्ट्रात राहणाऱ्याला दुसराही एक कायदा आहे: महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१). पेपरात आतल्या पानावर "शहरात मनाई आदेश लागू" अशी चार ओळींची चौकट येते ना, ती याची. सण, मोर्चा, निवडणूक, परीक्षा, काहीतरी निमित्त असतंच. मोठ्या शहरांत एक आदेश संपत आला की दुसरा निघतो. त्यात जी यादी असते ती कलमातलीच: शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या, आणि वर "शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू". यात इंच कुठेच नाहीत. मोडला तर कलम १३५, एक वर्षापर्यंत कैद आणि दंड, आणि न्यायालयाने कारण लिहून ठेवल्याखेरीज कैद चार महिन्यांहून कमी नाही.

लाठीची गंमत बघा. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत लाठी आणि साधी हातातली काठी नाव घेऊन वगळली आहे. पोलीस अधिनियमाच्या कलमात तीच लाठी नाव घेऊन घातली आहे. एकच काठी, दोन कायदे, दोन उत्तरं. मग ज्याचं कुठेच नाव नाही त्या मल्टिटूलचं काय होणार? त्यात पक्कड आहे, करवत आहे, कानस आहे आणि पातंही आहे. ते औद्योगिक कामासाठी बनवलेलं आहे, हे उघड आहे. ते "कोणतीही वस्तू" आहे, हेही तितकंच उघड आहे.

ओळखीच्या एका हवालदारांना मी सरळ विचारलं. त्यांचं म्हणणं असं, की माणूस कुठे सापडला, किती वाजता, कोणाबरोबर होता आणि तोंडाला वास येतो का, यावर सगळं ठरतं. "लांबी आम्ही पंचनाम्यात लिहितो, पण ती नंतर." पेपरातल्या गुन्ह्याच्या बातमीत "मुठीसह लांबी" असे शब्द येतात, ते मला तेव्हापासून वेगळेच ऐकू येतात. मूठ धरली की आपला ९१ मिलिमीटरचा चाकूसुद्धा उघडल्यावर वीतभर होतो. खिशातल्या साध्या चाकूसाठी गुन्हा दाखल झालेला माझ्या ओळखीत कोणी नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण पुण्यात कोयत्याच्या प्रकरणांनी वातावरण तापलंय. २०२३ मध्ये तर कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या, असं पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं होतं. अशा दिवसांत रात्री अकराच्या नाकाबंदीत "हा आकार नियमात बसतो" हे वाक्य किती कामाला येईल, तुम्हीच ठरवा.

दिल्लीची गोष्ट थोडी वेगळी. तिथे आमचा प्रयोग होता म्हणून मी आधी शोधाशोध केली. दिल्लीसाठी चाकूंवर बंधन घालणारी १९८० ची एक अधिसूचना आहे. तिच्यात स्प्रिंगचे, गरारीदार (दात्यांवर अडकत उघडणारे), बटनदार आणि इतर कोणत्याही यांत्रिक युक्तीने उघडणारे-मिटणारे चाकू येतात, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असेल तर. निदान आकडे तरी आहेत, म्हणून मी खूश झालो. मग फूटपट्टी घेऊन बसलो. वेव्हचं पातं साडेसातच्या आत-बाहेर भरलं, पट्टी कुठे टेकवता त्यावर. आणि मिटवताना अंगठ्याने एक पट्टी बाजूला सारावी लागते, ही "यांत्रिक युक्ती" झाली की नाही? मला वाटतं नसावी. पण "मला वाटतं" हे दिल्ली स्टेशनवर सांगायची माझी तयारी नव्हती, वेव्ह घरीच राहिलं. क्लाइंबरचं पातं मोजतानाच आखूड निघालं आणि त्यात युक्ती म्हणाल तर नखाने ओढायची खाच. तो बरोबर आला.

हे ७.६२ म्हणजे बरोब्बर तीन इंच. ब्रिटनमध्येही हाच आकडा आहे. माझी मावसबहीण लंडनजवळ राहते, तिच्या नवऱ्याला भेट म्हणून मल्टिटूल न्यायचं चाललं होतं तेव्हा त्यानेच फोनवर सांगितलं, "लॉकवालं नको बाबा." तिथे घडीचा, लॉक न होणारा, तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा चाकू कारण न देता खिशात ठेवता येतो. पातं अडकणारं असलं की लांबी कितीही कमी असो, रास्त कारण दाखवावं लागतं. तिथल्या न्यायालयाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच लॉक होणारा चाकू हा या सवलतीतला घडीचा चाकू नव्हे, असं सांगून टाकलंय. आपल्याकडे तो कायदा लागू नाही, हे उघड आहे. पण आपलं धुकं निवळत नाही तोवर मी दुसऱ्याच्या स्वच्छ रेषेच्या आत उभा राहतो. त्या रेषेत क्लाइंबर बसतो, वेव्ह बसत नाही. खुद्द व्हिक्टोरिनॉक्स कंपनीनेही २०२४ मध्ये पात्याविना खिशातलं अवजार आणायचा विचार असल्याचं जाहीर केलं, ते उगाच नाही.

तरी हे सगळं वाचून माझं मत बदललं, असं म्हटलं तर खोटं होईल. मत बदललं एका संध्याकाळी, मेट्रोच्या सुरक्षा तपासणीत.

सातचा प्रयोग होता. बॅग मशिनमधून गेली, पट्टा थांबला, मॅडमनी पडद्याकडे बघून विचारलं, "यात चाकू आहे का?" मी म्हणालो, "नाही, कामाची हत्यारं आहेत." जीभ चावली तोवर उशीर झाला होता. सुतार, गवंडी, आम्ही विजेचं काम करणारे, सगळे अवजारांना हत्यारंच म्हणतो. पण तो शब्द युनिफॉर्ममधल्या माणसाच्या कानावर कसा पडतो ते तेव्हा कळलं. "काढा बाहेर." काढलं. "पक्कड आहे," म्हणून पक्कड उघडून दाखवली. त्या जरा सैलावल्या. "आणि हे बाहेरचं काय?" वेव्हची पाती बाहेरच्या अंगाला असतात, पक्कड न उघडता अंगठ्याने निघतात. हाताची सवय. मी दाखवायला गेलो आणि ते झालं.

खट्.

तो आवाज त्या ओळीत सगळ्यांनी ऐकला. मागची कॉलेजची मुलगी एक पाऊल मागे सरली. मॅडम म्हणाल्या, "हा तर खटक्याचा आहे." तो खटक्याचा नाही, स्प्रिंग पातं बाहेर फेकत नाही, ते अंगठ्याने उघडतं आणि आवाज लॉकचा आहे, हे मी समजावून सांगू लागलो. जितकं समजावत गेलो तितका मी जास्त संशयित वाटू लागलो, माझं मलाच. त्या उद्धट नव्हत्या, हे नमूद करतो. "हे सोडून जा किंवा परत जा," इतकंच म्हणाल्या. मी खाली उतरून वडापावच्या गाडीवाल्या काकांकडे ते ठेवलं, धावत वर आलो, आणि त्या दिवशी पहिल्या प्रवेशाचा लाइट माझ्याऐवजी ध्वनीवाल्याने दिला. रात्री काकांनी ते परत दिलं तेव्हा त्याने मिरच्यांचे देठ खुडलेले दिसत होते.

माझं या यंत्राशी वाकडं आहे ते इथे. अडवतात, त्याचं काही नाही, अडवणारच. पण निर्दोष आहे हे दाखवायला ते उघडावं लागतं आणि उघडलं की तेच आपल्याविरुद्ध साक्ष देतं. बोटं वाचवणारं लॉक बघणाऱ्याला गुंडाच्या सुऱ्यासारखं दिसतं आणि ऐकू येतं.

क्लाइंबरलाही अडवलंय, दोनदा. एकदा मॉलमध्ये, एकदा दुसऱ्या एका मेट्रो स्थानकावर. दोन्ही वेळा मी आधी कात्री काढली. मग चिमटा, मग ती प्लॅस्टिकची दात कोरायची काडी. मॉलमधल्या काकांनी काडी हातात घेऊन बघितली आणि हसले. पातं दाखवा म्हणाले तेव्हा मला दोन्ही हात लागले, नख खाचेत घालून ते हळूच ओढावं लागलं, श्रीखंडाचा डबा उघडावा तसं. "ठीक आहे, आत ठेवा." मेट्रोत मात्र तेवढ्यानेही भागलं नाही, चाकू म्हणजे चाकू म्हणून मला परत फिरवलं. त्यामुळे लाल चाकू म्हणजे परवाना असं समजू नका. पण माझ्या अनुभवापुरतं बोलायचं तर त्याच्याबद्दल कोणी मागे सरलेलं नाही.

मधला मार्ग म्हणून काहीजण पुण्याच्या बोहरी आळीतून छोटी पक्कड आणि कटर वेगवेगळे घेतात. पक्कड उत्तम. कटर मात्र तपासणीत चाकूइतकाच खुपतो आणि धारेला त्याहून वाईट असतो, मी त्या वाटेला गेलो नाही. विमानाचा विषयच नाही, दोन्ही चेक-इन बॅगेत.

तेव्हा ज्याचं काम रोज शिडीवर किंवा गाडीखाली आहे आणि ज्याची अवजारं टेम्पोतून, पेटीतून जातात, त्याने खुशाल वेव्ह घ्यावं. माझंही विकलेलं नाही, ते ग्रुपच्या लाइटच्या पेटीत डिमरशेजारी असतं आणि पेटीबरोबरच फिरतं. खिशात आणि रोजच्या बॅगेत मात्र गेली तीन-चार वर्षं क्लाइंबर आहे, सोबत वीतभर पक्कड. मनाई आदेशाच्या दिवसांत, मिरवणुकीत, मोर्च्याच्या बाजूला, रात्री उशिरा मित्रांबरोबर फिरताना तोही घरी. कोणी विचारलंच तर "अवजार" म्हणा, हत्यार नको.

आणि घ्याल तर लाल घ्या. काळाही मिळतो आणि दिसतोही जास्त देखणा, त्या मुलाचं मन त्याच्यावरच बसलंय. पण लाल चाकू लोकांनी कुणा काकांकडे, कुठल्यातरी सहलीला, सफरचंद सोलताना पाहिलेला असतो.