पौल वाचायचा तर आधी पत्रं, मग ‘कृत्ये’: काही महिन्यांच्या वापरानंतर

पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रेषित पौल याचं चरित्र मांडताना त्याची स्वतःची पत्रं हा पहिला पुरावा आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ (सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास सांगणारं नव्या करारातलं पुस्तक) हा दुय्यम, हे अमेरिकन अभ्यासक जॉन नॉक्स यांनी १९५० मध्ये ठामपणे मांडलं. गेले काही महिने मी मराठी बायबल, एक वही आणि हा एकच नियम घेऊन बसतोय. पौलाच्या नावावर तेरा पत्रं आहेत. त्यातली बहुतेक सगळ्या अभ्यासकांना मान्य असलेली सातच घ्यायची: रोमकरांस, करिंथकरांस दोन्ही, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाला. बाकीची सहा बाजूला ठेवायची. फेकून द्यायची नाहीत, हे आधीच सांगतो, कारण आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) पहिला आक्षेप तोच आला.

पैसे वसूल झाले ते टोपलीपाशी. दिमिष्कातून (आजचं दमास्कस) पौल टोपलीत बसून भिंतीवरून उतरला, ही गोष्ट संडे स्कूलपासून पाठ. ‘कृत्ये’ ९ मध्ये त्याच्या जिवावर उठलेत ते तिथले यहूदी. २ करिंथ ११ मध्ये पौल स्वतः सांगतो की अरीतास राजाचा अधिकारी त्याला धरायला शहरावर पहारा ठेवून होता. टोपली तीच, भिंत तीच, पाठलाग करणारे मात्र वेगळे. हा अरीतास म्हणजे नबाती राजा, तो इ.स. ४० च्या सुमारास वारला, म्हणजे पलायन त्याआधीचं. एका ओळीतून तारीखही मिळते आणि दोन्ही लेखकांचा कल कुणीकडे आहे तेही दिसतं.

मग गलती १ उघडा. तिथे तो शपथेवर सांगतो की ख्रिस्ताच्या दर्शनानंतर आपण लगेच यरुशलेमेला गेलो नाही. आधी अरबस्तान, परत दिमिष्क, आणि तीन वर्षांनी केफाकडे, म्हणजे पेत्राकडे, पंधरा दिवस. प्रेषितांपैकी दुसरं कोणी भेटलं नाही, फक्त प्रभूचा भाऊ याकोब. ‘कृत्ये’त त्याचा सहकारी बर्णबा त्याला प्रेषितांपुढे नेऊन उभा करतो. वहीत दोन रकाने पाडून यरुशलेमच्या वाऱ्या मोजल्या, तर यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, या प्रश्नावरच्या बैठकीपर्यंत पत्रांत दोन होतात आणि ‘कृत्ये’त तीन. हे जुळवायचे नाना प्रयत्न झालेत. मला त्यातला एकही पुरता पटलेला नाही. आणखी एक गंमत म्हणजे पौल पत्रं लिहितो, हे अख्ख्या ‘कृत्ये’त एकदाही येत नाही. उलट तो तार्सचा, रोमी नागरिक, मूळचा शौल, हे सगळं फक्त तिथेच सापडतं.

आता उणी बाजू. ‘कृत्ये’ मिटून ठेवली की कॅलेंडर लटकतं. पौलाच्या काळाचा सगळ्यात भक्कम खुंटा म्हणजे ग्रीसमधल्या डेल्फीला सापडलेला सम्राट क्लौद्य याचा शिलालेख. त्यात गल्लियो या रोमी सुभेदाराचं नाव आहे, त्यावरून गल्लियोचा अखया प्रांतातला कारभार इ.स. ५१-५२ च्या आसपास बसतो. पण पौल गल्लियोपुढे उभा राहिला, हे सांगतं कोण? ‘कृत्ये’ १८! ज्याला दुय्यम म्हणून मागे बसवलं, त्याच्याच दारात तारखेसाठी जावं लागतं. नियम कडकपणे पाळणाऱ्यांनी हे उघड मान्य करावं.

जोडीला दोन चष्मे लावून पाहिले. पहिला ‘नवा दृष्टिकोन’. १९७७ मध्ये ई. पी. सँडर्स यांनी दाखवलं की त्या काळचा यहूदी धर्म म्हणजे पुण्याचा हिशेब मांडून तारण कमावणं नव्हे. देवाने करार आधी केला, आणि नियमशास्त्र (मोशेचे नियम) पाळणं म्हणजे त्या करारात टिकून राहणं. ‘परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी पंथ) म्हणजे ढोंगी’ हे समीकरण आपल्या व्यासपीठावरून इतक्या सहज सुटतं, की हा चष्मा प्रत्येक उपदेशकाने महिनाभर तरी लावावा असं माझं मत. गलतीकरांसमधला वाद मग ‘कर्म की विश्वास’ एवढाच उरत नाही. परराष्ट्रीयांनी (यहूदी नसलेल्यांनी) सुंता करावी का आणि अंत्युखिया शहरात कोणी कोणाबरोबर जेवावं, इथपर्यंत तो खाली येतो. दुसरा चष्मा पाउला फ्रेडरिक्सन, मार्क नॅनोस वगैरेंचा: पौल शेवटपर्यंत यहूदीच होता आणि बोलत होता परराष्ट्रीयांशी. रोमकरांस ११ ला, जिथे तो देवाने इस्राएलाला टाकलेलं नाही असं म्हणतो, हा झकास बसतो. फिलिप्पै ३ मध्ये मात्र, जिथे तो आपलं सगळं कुळशील केरात काढतो, तिथे ताणावा लागतो.

सामाजिक इतिहासाची बाजू मला सगळ्यात वापरायला सोपी गेली. १ करिंथ ११ मध्ये प्रभुभोजनाला (मंडळीच्या एकत्र जेवणाला) एक भुकेला, एक झिंगलेला. गेर्ड थाइसन यांनी त्यामागे श्रीमंत आणि गरीब विश्वासणाऱ्यांमधली दरी पाहिली. पंगतीत आधी कोण बसतं आणि उरलंसुरलं कोणाच्या ताटात जातं हे पाहिलेल्या माणसाला याची टीप लागत नाही.

शब्दमोजणीवरून लेखक ठरवण्याची पद्धत मी लवकरच सोडली. पत्रं लहान, वर सहलेखक, आणि रोमकरांस १६ मध्ये तर लेखनिक मध्येच स्वतःचा नमस्कार घुसवतो. शब्द मोजायचे तरी कोणाचे?

मराठीतून करणाऱ्यांची अडचण अशी की टीकाग्रंथ जवळपास सगळे इंग्रजी-जर्मनमध्ये. पण रकाने पाडायला मराठी बायबल पुरतं. पाच तारे देत नाही, चार देतो. कापलेला तारा कलस्सैकरांसचा. शैली आणि लांबलचक वाक्यं पाहून अनेक अभ्यासक ते पत्र पौलाचं मानत नाहीत. पण शेवटच्या सलामात अनेसिम, एपफ्रास, अर्खिप्प, मार्क, अरिस्तार्ख, देमास, लूक, म्हणजे फिलेमोनाच्या चिठ्ठीतलीच माणसं पुन्हा हजर. एकतर दोन्ही पत्रं एकाच घरातून निघाली, किंवा कोणीतरी चिठ्ठी समोर ठेवून नावं उतरवली. सात पत्रांचा नियम इथे काहीच सांगत नाही, आणि माझ्या वहीतलं ते पान अजून कोरं आहे.