शेतातल्या टॉर्चसाठी १८६५० सेल: एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा वापरून

आमची शेती मोहोळ तालुक्यात, राहणं जुळे सोलापुरात. ऊस आणि थोडी डाळिंबाची बाग. थ्री-फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात दारं धरायची म्हणजे टॉर्चशिवाय बांधावरून खाली पाऊल टाकता येत नाही. घोणस पाचटात पडलेली असली तर मोबाईलच्या पांढुरक्या उजेडात ती पाचटच वाटते.

टॉर्चचा झोत किती लांब जातो यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. आतल्या सेलबद्दल कोणी फार बोलत नाही, आणि टॉर्चमध्ये पेट घेऊ शकणारी वस्तू तेवढी एकच असते. म्हणून हा रिव्ह्यू सेलचा आहे, टॉर्चचा नाही.

वापरात काय आहे ते आधी सांगतो. एकेका सेलवर चालणाऱ्या दोन धातूच्या टॉर्च. सॅमसंगचे ३५ई जातीचे दोन सेल. आणखी दोन सेल प्रोटेक्शन सर्किटवाले, आत पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी. क्षमता मोजून दाखवणारा दोन खणांचा चार्जर. आण्णांच्या खिशात एक छोटी डबल-ए टॉर्च, तिच्यात एनेलूप नावाचा रिचार्जेबल सेल.

१८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा, ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन सेल. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. या आकारात चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचा सेलही साधारण ३५०० एमएएचपर्यंतच जातो (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप). ३५ई ची छापील क्षमता ३५०० आणि एनसीआर१८६५०बी ची ३४००. त्यामुळे वेष्टनावर ५८००, ९९०० असं काही दिसलं तर पुढे भाव विचारायचंही कारण नाही. शेजारच्या मळ्यातल्या एकानं गड्ड्याच्या जत्रेतून झूमवाली टॉर्च आणली होती, तिच्या सेलवर ९९०० छापलेलं. आमच्या चार्जरवर लावला तर हजाराच्या आतच थांबला. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला तर तीस-बत्तीस ग्रॅम. आमचे सेल तिथंच सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या आसपास भरले. वजन ही सगळ्यात स्वस्त परीक्षा आहे, दुकानदारासमोरही करता येते. मात्र वजन बरोबर आलं म्हणून सेल अस्सल ठरत नाही, एवढं लक्षात असू द्या. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढून नवं वेष्टन चढवलेले सेल वजनाला अगदी बरोबर भरतात.

आमचे सेल नव्यानं मोजले तेव्हा ३३००-३४०० दाखवत होते, आता ३२०० च्या आसपास आहेत. साडेतीनशे-चारशे रुपयांच्या सेलकडून एवढं मिळालं म्हणजे मी खूश आहे. मंद उजेडावर एका सेलमध्ये अख्खी रात्र निघते. आण्णा तर पूर्ण झोत लावतच नाहीत. ‘‘लांबचं बघून काय करायचंय? पायाखाली काय हाय ते दिसलं म्हंजे झालं.’’ त्यांच्या या सवयीमुळे सेलमधून करंट कमी खेचला जातो, सेल तापत नाही आणि जास्त टिकतो. त्यामुळे शेतासाठी १५-२० अँपिअरचे महागडे सेल शोधत बसू नका. ते मोठ्या झोताच्या टॉर्चला लागतात.

आता मुख्य मुद्दा. सोलापुरात सेल कोणत्या कंपनीचा यापेक्षा तो कुठं आणि कधी चार्ज करता याला जास्त महत्त्व आहे. या सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी तापमानाची मर्यादा शून्य ते ४५ अंश दिलेली असते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे सावलीतलाच पारा ४२-४३ वर जातो. मोटरीच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. त्यात चार्ज होताना सेल स्वतःही थोडा गरम होतो. म्हणजे दुपारी तिथं चार्जर लावला की सेल कितीही अस्सल असला तरी मर्यादा ओलांडली. एका दिवसात काही होणार नाही, पण असं रोज झालं तर सेलचं आयुष्य झपाट्यानं घटतं आणि धोका वाढत जातो. आम्ही चार्जिंग फक्त घरी करतो. पहाटे, फरशीवर, कोणीतरी जागं असताना. लाकडी कपाटावर किंवा गादीवर कधीच नाही. शेतात फक्त भरलेले सेल जातात. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर टॉर्च ठेवायची सवयही मोडली. उन्हात तिथं ६० अंशांच्या पुढं जाऊ शकतं, आणि वापरासाठीची मर्यादाही साधारण तेवढीच असते.

लोक विचारतात, एवढं भ्यायचं कशाला, मोबाईलमध्येही लिथियमच असतं की. असतं, पण मोबाईलच्या आत त्याच्यावर नजर ठेवणारं सर्किट असतं आणि कवच मऊ असतं. टॉर्चचं नळकांडं जाड धातूचं, दोन्हीकडून रबरी रिंग घालून बंद केलेलं. सेल आतून शॉर्ट झाला की उष्णता वाढते, उष्णतेनं रासायनिक क्रिया आणखी भडकते, वायू तयार होतो. सेलच्या टोकाला तो वायू बाहेर सोडायची व्यवस्था असते, पण टॉर्चमधून तो जाणार कुठं? दारूला घट्ट सुतळी गुंडाळली की सुतळी बॉम्ब होतो, तसलाच प्रकार. म्हणून मी एका सेलच्या टॉर्चवर ठाम आहे. एकामागे एक दोन-तीन सेल लागणाऱ्या टॉर्चमध्ये एखादा सेल कमजोर असला की तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून उलटा करंट ढकलतात. जुना-नवा सेल एकत्र घालायची आपल्याकडची सवय रेडिओच्या सेलमध्ये चालून गेली, इथं नको.

प्रोटेक्शन सर्किटवाल्या सेलबद्दल माझं मत थोडं मिश्र आहे. जास्त चार्ज, जास्त डिस्चार्ज आणि शॉर्ट, या तिन्हींपासून ते वाचवतं. घरात पोरं किंवा म्हातारी माणसं टॉर्च हाताळत असतील तर हेच घ्या. पण दोन अडचणी आहेत. सर्किटमुळे सेल तीन-चार मिलिमीटर लांब होतो आणि काही टॉर्चमध्ये घट्ट बसतो. झाकण जोर लावून फिरवलं तर सर्किट दबून खराब होतं. दुसरी अडचण जास्त त्रासाची. व्होल्टेज खाली गेलं की सर्किट करंटच सरळ तोडतं. जुन्या बॅटरीचा उजेड पिवळा पडत जायचा, तेवढ्यात घर गाठता यायचं. इथं पांढरा स्वच्छ उजेड असतो आणि पुढच्या क्षणाला काहीच नसतं. उसाच्या मधोमध हे झालं की जीव घशात येतो. आमच्या दोनपैकी एक टॉर्च सेल संपत आला की स्वतःच उजेड कमी करत नेते आणि बटणाचा रंग बदलते. नवी टॉर्च घेणार असाल तर ही सोय विचारून घ्या, लुमेन, म्हणजे उजेड किती, ते नंतर विचारा.

आण्णांची छोटी टॉर्च याच भीतीपोटी आली. एनेलूप हा निकेल मेटल हायड्राइड सेल, १.२ व्होल्टचा. पेट घ्यायच्या बाबतीत लिथियमपेक्षा खूप गरीब जात. पडून राहिला तरी महिनोन् महिने चार्ज धरून ठेवतो. एक खबरदारी: १४५०० नावाचा लिथियम सेलही दिसायला डबल-ए सारखाच असतो, पण तो ३.७ व्होल्टचा. साध्या टॉर्चमध्ये घातला तर एलईडी जळू शकतो. ज्यांना चार्जर, व्होल्टेज यात पडायचंच नाही, त्यांनी एनेलूपवरच थांबावं असं मी स्पष्ट सांगेन.

तात्या अजून शिशाच्या बॅटरीची मोठी टॉर्च खांद्याला अडकवून फिरतात. जड आहे, रिकामी ठेवली की मरते, पण त्यांना तीच बरी वाटते. त्यांना मी काही बदलायला लावलेलं नाही.

खरेदीबद्दल थोडक्यात. भारतात हे सेल विकायला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते, लिथियमसाठी मानक आयएस १६०४६ भाग २. वेष्टनावर किंवा खोक्यावर ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा. नवी पेठेत विचारलं तर दोन दुकानदारांनी ‘‘त्याला काय होतंय ओ’’ म्हणून हात झटकले, एकानं मात्र खोकं उघडून दाखवलं. मी त्याच्याकडून घेतलं. सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक हे आपले सुटे सेल मुळात पॅक बनवणाऱ्या कारखान्यांसाठी काढतात, सुट्या गिऱ्हाइकासाठी नाही. त्यामुळे बाजारात कोणाच्या हातून येतात यावर बरंच अवलंबून असतं.

सांभाळताना वेष्टनावर लक्ष ठेवा. सेलचा सगळा डबा ऋण असतो, वरची टिकली तेवढी धन, आणि दोघांच्या मधे बारीकशी जागा. टोकाजवळ वेष्टन फाटलं की धातूचा स्पर्श पुरतो. पावसाळ्यात आमच्या एका सेलचं वेष्टन असंच सोललं, नवीन चढवेपर्यंत बाजूला ठेवला. जादा सेल खिशात किल्ल्या आणि चिल्लरसोबत नको, प्लास्टिकची डबी वीस-तीस रुपयांत मिळते. चार्जरवरून काढलेला सेल दुसऱ्या दिवशी मल्टिमीटरनं बघा; ४.२ वरून ४.१ च्या खाली आपोआप उतरत असेल तर तो टॉर्चमध्ये घालू नका. दोन व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा उठवायचे उपाय व्हिडिओत दाखवतात, ते करू नका. आत तांबं विरघळून शॉर्टची तयारी झालेली असू शकते.

टाइप-सी चार्जिंगची टॉर्च असेल आणि नव्या मोबाईलच्या दोन्हीकडून टाइप-सी असलेल्या वायरनं ती चार्ज होत नसेल, तर टॉर्च बिघडलीच असेल असं नाही. चार्जरकडचं टोक जुनं चपटं यूएसबी असलेली वायर लावून बघा.

बाद झालेला सेल घंटागाडीत टाकू नका, गाडीच्या दाबात तो चिरडला तर कचरा पेटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो वेगळा ठेवून द्यायचा असतो. आम्ही दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावतो आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे देतो.

पुढच्या उन्हाळ्याआधी शेतातल्या खोलीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेटचे दोन सेल घ्यायचा विचार आहे. क्षमता निम्मीच, पण उष्णता जास्त शांतपणे सोसतात. त्यांचं पूर्ण व्होल्टेज ३.६५, म्हणून चार्जर वेगळा लागेल. शिवाय ३.२ व्होल्टवर आमच्या टॉर्च पूर्ण उजेड देतील की नाही ते आधी दुकानात लावून बघणार आहे.